मासळीचा डबा आधी, कापडी पिशवी नंतर

घरात येणारं प्लास्टिक कमी करायचं ठरवलं की बहुतेकजण आधी कापडी पिशवी विकत घेतात. मी म्हणेन, आधी मासळीचा डबा काढा. आम्ही मालवणात तीन वर्षं दोन्ही वापरतोय. माझी कसोटी एकच: वस्तू घरातून बाहेर गेली की जाते कुठे?

या कसोटीवर मासळीची पातळ पिशवी सगळ्यात वाईट. रक्तपाणी लागलेली पिशवी कुणी धुऊन ठेवत नाही, भंगारवाला तिला हात लावत नाही, कुत्री ओढून नेतात आणि पहिल्या जोराच्या पावसात ती वहाळातून थेट समुद्रात जाते. तिथे ती कासवाला जेलीफिशसारखी, म्हणजे खाण्यासारखी दिसते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली जातायत, ती पिल्लं याच पाण्यात उतरतात. राज्यात २३ जून २०१८ पासून बंदी लागू आहे, तरी बाजारात पिशवी मिळतेच. म्हणून नकार आपल्यालाच द्यावा लागतो.

डब्याची अडचण आहे, लपवत नाही. तो जड असतो, आणि घट्ट बसलं नाही तर झाकणातून पाणी गळतं. कडीचा डबा घ्या. बांगडे खाली, कोलंबी वर, नाहीतर कोलंबी चिरडते. वाट्यावर घेतलेल्या मासळीला वजनाचा प्रश्न नाही. किलोवर घ्यायची तर रिकामा डबा आधी तागडीत ठेवायला सांगा. सुरमई तिथेच कापून घ्या. सुरुवातीला मला संकोच वाटायचा. आता विसरले तर मासेवालीच विचारते, “डबो खंय?”

‘विघटनशील’ पिशवी मासळीसाठी चालेल का? माझं उत्तर नाही. अशा कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकसाठीचं आयएस १७०८८ हे भारतीय मानक कंपोस्ट प्रकल्पातल्या साधारण ५८ अंश उष्णतेचं गणित धरून आहे. आपल्या परसातला खड्डा तेवढा तापत नाही, समुद्र तर नाहीच.

आता भाजीची पिशवी. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेच्या २०११ च्या अभ्यासात, हवामानावरच्या परिणामाच्या हिशेबाने, नवी सुती पिशवी एकदा वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला यायला १३१ वेळा वापरावी लागते असं निघालं. आठवड्याला एक बाजार धरला तर अडीच वर्षं! त्या हिशेबात समुद्रातला कचरा धरलेला नाही, म्हणून मी तरीही कापडाच्याच बाजूची. पण नवी घेऊ नका, जुन्या साडीची शिवा. दुकानात मिळणारी कापडासारखी दिसणारी न विणलेली पिशवी मात्र पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लास्टिकच. उन्हात तिचे तंतू सुटतात.

वाणसामानात कुठलं वेष्टन घ्यायचं ते भंगारवाल्याला विचारून ठरवा. आमचा दुधाच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या घेतो. वेफर्सची चकचकीत पाकिटं नाही, कारण त्यांत थर एकमेकांना चिकटवलेले असतात. शॅम्पूच्या पुड्यांचंही तेच, तिथे मोठी बाटलीच बरी. तेल घाण्यावरून आपल्या कॅनमध्ये आणा.

तांदूळ, कुळीथ, डाळी ऑक्टोबर ते मे सुट्या घेते, कापडी पिशवीतून थेट बरणीत. पावसाळ्यात मात्र नाही. दमट हवेत कापडातल्या डाळीला दोन दिवसांत वास लागतो आणि सगळी टाकावी लागते. त्या चार महिन्यांत मी पाच किलोचा एकच बंद पुडा आणते, अर्ध्या किलोचे दहा नव्हेत.