लाटेकचे त्रुटिसंदेश आणि लॉग: माहिती चोख, मांडणी जुनी
लाटेक ही मजकुरात आज्ञा लिहून छपाईयोग्य पाने जुळवण्याची संगणकप्रणाली; तिच्या पानांचे देखणेपण सर्वमान्य आहे. हे परीक्षण मजकुरात चूक झाली की ही प्रणाली वापरणाऱ्याला ती कशी कळवते, एवढ्यापुरतेच आहे. तिच्या मुळाशी असलेले टेक हे अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअर संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी १९७८ च्या सुमारास घडवले आणि त्या काळच्या टर्मिनलची छाप संदेशांवर अजूनही आहे. लॉगमधली, म्हणजे कामाच्या नोंदींच्या फाईलमधली, ओळ ७९ अक्षरांवर तोडली जाते, त्यामुळे फाईलचे लांब नाव मध्येच दुभंगते आणि शोधायला गेल्यास सापडत नाही. ‘मॅक्स-प्रिंट-लाइन’ ही मर्यादा वाढवून ठेवणे, हे कोणत्याही नव्या संगणकावरचे पहिले काम असावे.

त्रुटिसंदेश मात्र मला मनापासून आवडतात. उद्गारचिन्हाने सुरू होणाऱ्या संदेशाखाली ओळीचा क्रमांक येतो आणि मूळ ओळ जिथपर्यंत वाचून झाली तिथेच तोडून उरलेला भाग खाली सरकवून दाखवला जातो. आज्ञेचे नाव चुकले असेल, तर तोडलेल्या जागेआधीचा शेवटचा शब्द हाच बहुधा दोषी असतो. महिरपी कंस बंद करायचा राहिला असेल, तर एवढी अचूकता मिळत नाही, कारण चूक जिथे घडली तिथे नव्हे, तर जिथे पुढे जाणे अशक्य झाले तिथे तक्रार होते. अशा वेळी दाखवलेल्या ओळीच्या मागे वाचत जावे. चुकीपाशी काम थांबून येणाऱ्या प्रश्नचिन्हापाशी ‘एच’ दाबल्यास मिळणारे स्पष्टीकरणही वाचण्याजोगे असते.

काम स्क्रिप्टवर सोपवायचे असेल, तर चुकीपाशी न थांबता पुढे जाणारा ‘नॉनस्टॉपमोड’ सोयीचा आहे. पण त्यात चुका असूनही बहुतेक वेळा पीडीएफ तयार होते आणि ती निर्दोष समजली जाण्याचा धोका राहतो. सोबत ‘हॉल्ट-ऑन-एरर’ हा पर्याय द्यावा म्हणजे पहिल्याच चुकीला काम थांबते. अनेक प्रकरणांच्या पुस्तकासाठी ‘फाइल-लाइन-एरर’ हा पर्याय अपरिहार्यच मानावा: फाईलचे नाव आणि ओळ एकत्र मिळतात, नाहीतर फाईल उघडली-मिटली की लॉगमध्ये उमटणारे गोल कंस जुळवत फाईल शोधावी लागते.

माझा खरा आक्षेप गांभीर्याच्या क्रमाबद्दल आहे. समासाबाहेर अर्धा पॉइंट डोकावणाऱ्या ओळीची ‘ओव्हरफुल एचबॉक्स’ ही सूचना आणि फॉन्टमध्ये अक्षरच नसल्याची सूचना यांना लॉगमध्ये जवळजवळ सारखेच स्थान मिळते. पहिली गोष्ट डोळ्यांना क्वचितच जाणवते, दुसरीत छापील मजकुरातून अक्षर गळते. त्यावर ‘ट्रेसिंग-लॉस्ट-कॅरॅक्टर्स’ या सेटिंगची किंमत ३ करण्याचा उपाय टेक लाइव्ह या टेकच्या वितरणसंचाच्या २०२१ च्या आवृत्तीपासून उपलब्ध आहे, तसे केल्यास गळलेले अक्षर थेट त्रुटी ठरते. उलट बाजूने ‘एचफझ’ (ओळ किती बाहेर गेली तरी सूचना द्यायची नाही, ते माप) थोडे वाढवले की किरकोळ ओव्हरफुल सूचना गप्प होतात, परंतु अंतिम मुद्रणप्रतीपूर्वी ते मूळ ०.१ पॉइंटवर आणून सगळ्या सूचना एकदा पाहाव्यात.