सात महिने वापरलेला ऑडिओ रॅक: पाच तारे दिले होते, त्यातले दीड परत घेतोय

मार्चमध्ये घेतला, 7,499 ला. सुताराने तेवढ्याच मापाचं प्लायमध्ये 16 हजार सांगितलं होतं, त्यामुळे पार्टिकल बोर्ड आहे हे माहीत असूनही घेतला. वर टर्नटेबल, मध्ये ॲम्प्लिफायर, खाली बाबांच्या रेकॉर्ड. माप, रंग वगैरे तुम्ही पाहिलंच असेल, म्हणून थेट छिद्रावर येतो.

पाठीमागच्या फळीला वायरींसाठी एकच गोल छिद्र आहे. टेपने मोजलं: 35 मिमी. ॲम्प्लिफायरचा तीन पिनी प्लग 45 मिमी. टर्नटेबलचा अडॅप्टर त्याहून जाड. एक्स्टेन्शन बोर्ड आत ठेवा म्हणाल, तर त्याचाही प्लग बाहेर काढायचा त्याच छिद्रातून! ज्याने हे डिझाइन केलं त्याच्या घरी सगळं सेलवर चालत असावं.

कस्टमर केअरला फोन केला. बाई फार गोड बोलल्या. "सर, प्लग कापून वायर आत घ्या आणि पुन्हा जोडा." अहो, मोल्डेड प्लग आहे, कापला की ॲम्प्लिफायरची वॉरंटी गेली. "ती आमची वस्तू नाही ना सर." मुद्दा बिनतोड होता. शेवटी कानशीने घासघासून छिद्र मोठं केलं. दोन संध्याकाळी गेल्या आणि बायकोने भुशाबद्दल जे ऐकवलं ते वेगळंच.

तरी एप्रिलमध्ये पाच तारे दिले, कारण रेकॉर्डचा कप्पा. आतली उंची 35 सेंटीमीटर, एलपी कव्हरसकट उभी राहते आणि वरून बोट घालून ओढता येते. वीस वर्षं पलंगाखाली आडव्या पडलेल्या नाट्यसंगीताच्या तबकड्या ताठ उभ्या पाहून आईने रॅकला हळदीकुंकूच लावायचं बाकी ठेवलं होतं.

मे महिन्यात पांग फिटले. रविवारची दुपार, बुवांनी विलंबित संपवून नुकती द्रुत धरली आणि आवाज गप्प. ॲम्प्लिफायरचा दिवा लुकलुकतोय. अर्ध्या तासाने आपोआप सुरू, पुन्हा वीस मिनिटांत बंद. सर्व्हिसवाला आला, झाकणावर हात ठेवला आणि चटकन काढला. "काका, मशीन ठणठणीत आहे. कपाटात कोंडलंय तुम्ही त्याला." व्हिजिट चार्ज 590 रुपये. माझा ॲम्प्लिफायर क्लास ए-बी जातीचा, म्हणजे नुसता चालू ठेवला तरी तापणारा, वर निदान 10 सेंटीमीटर मोकळी जागा हवी. माझ्याकडे होती 4, त्यात पुढे काचेचं दार आणि मागे बंद फळी. इथे चूक निम्मी माझी, हे कबूल.

मग कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला बोलावलं. त्याने छिद्राकडे पाहिलं, माझ्या कानशीच्या कामाकडे पाहिलं आणि हसला. "तीनशे द्या, मधल्या कप्प्याची पाठच उडवतो." जिगसॉने पाच मिनिटांत मोकळं. दारही काढून ठेवलं. तसंही व्हॉल्यूमचं बटण काचेला टेकत होतं. त्यानंतर ॲम्प्लिफायर एकदाही बंद पडला नाही.

स्पीकर मात्र रॅकवर ठेवू नका. मी ठेवले होते. आवाज जरा वाढवला की टर्नटेबलची सुई स्पीकरची थरथर पकडायची आणि घूंऽऽ सुरू. टीपॉयवर हलवले, थांबलं. तो दोष रॅकचा नाही, पण सांगून ठेवतो.

आता खर्च 7,499 अधिक 590 अधिक 300. शंभरेक रेकॉर्डच्या वजनाने खालची फळी मध्यभागी दोन मिमी झुकली आहे. दोरा ताणून मोजतो दर महिन्याला. सध्या साडेतीन तारे.

आणि हो, विकत घेण्याआधी मी प्रश्न टाकला होता, मागच्या छिद्राचा व्यास किती? विक्रेत्याचं उत्तर परवा आलं: "होय सर, छिद्र उपलब्ध आहे."