गरम झाली की बंद, थंड झाली की चालू: स्कॅनर बरा की वायरमन?

पंधरा-वीस वर्षांची पेट्रोल गाडी. चालता चालता बंद पडते, सेल्फ दणक्यात फिरतो पण इंजिन काही घेत नाही, आणि पाऊण तासाने चहा पिऊन आलात की पहिल्या चावीला सुरू. हा त्रास असलेल्या माणसाला आपल्याकडे दोन सल्ले हमखास मिळतात. शहरातला म्हणतो, जळगावला किंवा धुळ्याला चांगल्या वर्कशॉपमध्ये नेऊन स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाड वाचणारं यंत्र, लाव. गावाकडचा म्हणतो, कशाला पैसे घालवतोस, वायरमनला, म्हणजे गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करणाऱ्याला, दाखव. मी दोन्हीकडे जाऊन आलो आहे. माझं मत थोडं एका बाजूला झुकलेलं आहे, ते आधीच सांगून ठेवतो.

मोबाइलला जोडायचा स्वस्त डोंगल हा तिसरा पर्याय लगेच बाजूला ठेवू. आपल्याकडे ओबीडी, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड स्वतः नोंदवायची व्यवस्था, बंधनकारक झालं ते बीएस-४ या प्रदूषणाच्या नियमांसोबत, एप्रिल २०१० पासून, आणि त्याचा दुसरा टप्पा आला एप्रिल २०१३ मध्ये. त्याआधीच्या गाडीत स्टेअरिंगखाली सॉकेट सापडलं तरी ते कंपनीच्याच भाषेत बोलत असण्याची शक्यता जास्त. २०१३ नंतरची गाडी असेल तर डोंगल जरूर घ्या. २००४ च्या गाडीत त्याचा उपयोग मला तरी झाला नाही.

स्कॅनरवाल्या वर्कशॉपला नावं ठेवण्यासारखं फारसं नाही. गाडी मिसिंग मारत असेल, ॲव्हरेज पडलं असेल, पिकअप गेला असेल, डॅशबोर्डवरचा चेक लाइट कायम पेटलेला असेल, तर मी आजही तिथेच जाईन. तापमानाचा सेन्सर खोटं सांगतोय का, ऑक्सिजन सेन्सर झोपलाय का, या गोष्टी स्क्रीनवर समोर दिसतात. तिथे पेट्रोलचा दाब मोजायचा गेज असतो, पंप टाकीतून काढायची सोय असते, पार्टचं बिल मिळतं. जुन्या जुगाडू दुरुस्त्यांनी बिघडलेली गाडी सरळ करायची असेल तरीही तेच बरं.

अडचण एकच आहे, आणि माझ्यापुरता निकाल तिनेच लावला. गाडी वर्कशॉपच्या दारात पोचते तोवर ती चांगली झालेली असते.

पारोळा-एरंडोलच्या मध्ये भर दुपारी गाडी बंद पडली असं धरा. तुम्ही टोइंगला फोन करता. तो येईपर्यंत बॉनेट उघडा, वर झाडाची सावली, इंजिन निवतं. उचलून जळगावला नेईपर्यंत ते हात ठेवण्याइतकं थंड. सुपरवायझर चावी फिरवतो आणि गाडी सुरू. मग तो तुमच्याकडे जी नजर टाकतो, ती सासरच्या माणसांसमोर ऐकून घ्यावी लागल्यासारखी लागते. गाडी ठेवून घेतात, सकाळी गारव्यात गल्लीत एक चक्कर मारतात, स्कॅनर लावतात, आणि जॉबकार्डवर लिहून येतं की फॉल्ट आढळला नाही. गाडी धुऊन मिळते, स्कॅनिंगचे पैसे द्यावे लागतात. पुन्हा बंद पडली की पुन्हा तेच. मग अंदाजाने पार्ट बदलणं सुरू होतं: आधी फिल्टर, मग प्लग, मग कॉइल, मग पंप. यातल्या कुणाचीही नियत खोटी नसते. आजारी माणूस दवाखान्यात पोचला की बरा होत असेल, तर डॉक्टर तरी काय करणार?

स्कॅनरला कोड, म्हणजे बिघाडाची नोंद, का सापडत नाही, याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळतं क्रँक सेन्सरकडून. हा सेन्सर म्हणजे बहुतेक जुन्या गाड्यांत एका लोहचुंबकावर गुंडाळलेली बारीक तार. वर्षानुवर्षं इंजिनाशेजारी भाजून ती कुठेतरी तडकते. थंडीत टोकं जुळलेली राहतात, तापल्यावर सुटतात. सिग्नल गेला की कॉम्प्युटरच्या लेखी इंजिन थांबलेलं आहे, मग तो इंजेक्टर, करंट आणि पंप तिन्ही बंद करतो. थांबलेलं इंजिन म्हणजे काही बिघाड नव्हे, म्हणून जुना कॉम्प्युटर त्याची नोंदही ठेवत नाही. ज्या गाडीत वाल्व चालवणाऱ्या कॅमशाफ्टचा, म्हणजे कॅम सेन्सर वेगळा असतो तिथे दोघांची तुलना होऊन पी ०३३५ सारखा कोड पडू शकतो, पण त्यावर भिस्त ठेवू नये. कॉम्प्युटरला करंट पोचवणारा स्विच म्हणजे मेन रिले; त्याच्या आतलं तडकलेलं डाग, म्हणजे सोल्डर, असंच वागतं. कॉइल किंवा इग्नायटरही.

आता वायरमन. आमच्या भागात एक आबा आहेत. दुकान म्हणजे पत्र्याची टपरी, दारात जुन्या डायनॅमोंचा ढीग. माझी गाडी अशीच बंद पडली तेव्हा मी त्यांना फोन केला. गाडीचं मॉडेल त्यांनी विचारलंच नाही. एवढंच म्हणाले, "गाडी गरम शे ना? तठेच थांबा, मी येस." म्हणजे, गाडी गरम आहे ना, तिथेच थांबा, मी येतो. मोटरसायकलवर आले. सोबत टेस्ट लॅम्प, मीटर, एक जुना प्लग आणि पाण्याची बाटली.

चावी ऑन करून त्यांनी आधी पाहिलं की चेक लाइट पेटतो का. पेटला, म्हणजे कॉम्प्युटरला करंट मिळतोय, मेन रिले आणि फ्यूज ठीक. मग कान मागच्या सीटकडे, टाकीतला पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो का ते ऐकायला. गुणगुणला. मला सेल्फ मारायला सांगितला आणि स्वतः आरपीएमच्या काट्याकडे बघत राहिले. सेल्फ फिरताना तो काटा थोडा तरी हलायला हवा. आमचा जागेवरच मेलेला. जुना प्लग लावून पाहिला, ठिणगी नाही. मग बाटलीतलं पाणी क्रँक सेन्सरच्या जागी हळूहळू ओतलं, थोडं थांबले, सेल्फ मारला आणि गाडी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी सेन्सर बदलला. नंतरचे उन्हाळे शांततेत गेले.

ही काही जादू नाही. वर्कशॉपच्या पोराला हेच सगळं येतं, कदाचित जास्त चांगलं येतं. फरक इतकाच की आबा बिघाड हजर असताना हजर होते. स्कॅनरसुद्धा त्या क्षणी लावला असता तर सेल्फ मारताना आरपीएम शून्य दाखवून त्याने हेच सांगितलं असतं. पण स्कॅनर रस्त्यावर येत नाही, निदान माझ्या वाट्याला तसा आला नाही.

वायरमनची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर आबांची जाहिरात व्हायची. सगळ्यात वाईट सवय म्हणजे "डायरेक्ट" करणं. पंप वेळीअवेळी बंद होतो म्हणून डॅशबोर्डखाली बटण लावून त्याला थेट बॅटरीचा करंट देतात. गाडी चालते, मालक खूश. पण इंजिन थांबलं की पंप थांबावा ही सोय आगीपासून वाचवण्यासाठी असते. अपघातात पाइप फुटला आणि पंप तसाच चालू राहिला तर काय होईल, ते सांगायला नको. कोणी असं बटण लावून देतो म्हणाला तर नको म्हणा. दुसरं, कॉम्प्युटरच्या बारीक वायरींवर हेडलाइटचा मोठा बल्ब लावून करंट तपासणारा दिसला तर त्याला आदराने चहा पाजून परत पाठवा. जास्त करंट ओढल्याने कॉम्प्युटरच जळू शकतो. तिसरं, पंपाचा दाब मोजायचा गेज बहुतेकांकडे नसतो. इंजेक्शनच्या गाडीत साधारण अडीच-तीन बार दाब लागतो, आणि पंप नुसता गुणगुणला म्हणजे तेवढा दाब येतोच असं नाही.

म्हणून वायरमनला बोलवायचं की वर्कशॉपला न्यायचं, हे बंद पडण्याच्या तऱ्हेवरही ठरतं. कोणीतरी चावी काढून घेतल्यासारखी एकदम बंद पडत असेल तर तो बहुधा करंटचा मामला, वायरमनचा. आधी धक्के खात, दम टाकत, चढावर रडत बंद पडत असेल तर पेट्रोलचा: फिल्टर चोक, पंप थकलेला. त्याला गेज लागतो, वर्कशॉपला जा. सीएनजी किट असेल तर तुमच्यासारखा भाग्यवान कोणी नाही. पेट्रोलवर बंद पडली की गॅसवर टाकून पाहा. गॅसवर पळाली तर करंट ठीक, दोष पेट्रोलच्या बाजूला. दोन्हीवर मेली तर सेन्सर, कॉइल नाहीतर रिले. ही चाचणी फुकट आहे आणि कोणत्याही स्कॅनरइतकी खात्रीची वाटते मला.

कार्ब्युरेटरची गाडी असेल तर ही सगळी चर्चा तुमच्यासाठी नाही. तिथे पेट्रोलची वाफ होणे, पॉइंट, कंडेन्सर हे वेगळं प्रकरण, आणि त्याला स्कॅनर लागतच नाही. पंपावर ओलं फडकं टाकून पुढे निघायचं.

एका बाबतीत मात्र वायरमनची वाट पाहू नका. सेल्फ नेहमीपेक्षा हलका, सुर्रकन फिरायला लागला आणि गाडी थंड होऊनही घेत नसेल, तर टायमिंग बेल्ट तुटलेला असू शकतो. पुन्हा पुन्हा सेल्फ मारला तर काही इंजिनांत वाल्व पिस्टनला आपटून वाकतात. तिथे सरळ टोइंग, सरळ वर्कशॉप.

बाकी, तुम्ही चाळीसगावहून कन्नड घाट चढून रोज जाणारे असाल किंवा लळिंगवरून मालेगावकडे, तर घाटाच्या पायथ्याशी कोण वायरमन येतो त्याचा नंबर आधी शोधून ठेवा. भर उन्हात बोलावल्यावर येतो का, ते आधी विचारा. "उद्या गाडी घेऊन या" म्हणणारा वायरमन या कामापुरता वर्कशॉपसारखाच. आणि नवा सेन्सर घेताना चार पैसे जास्त देऊन कंपनीचाच घ्या. बाजारातला स्वस्त सेन्सर मी कोणाला सुचवणार नाही, कारण तोही गरम झाल्यावरच परीक्षा देतो.