शाई भरून दिलेला प्रिंटर

इंक टँकचा, म्हणजे बाटलीने शाई भरायचा प्रिंटर विकत घेताना दुकानदार आपणहून शाई भरून द्यायला निघाला, तर त्याला तेथेच थांबवावे, एवढे सांगण्यासाठी हा अनुभव लिहीत आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका बाजारपेठेत आम्हाला वापरून झिजलेला प्रिंटर नवा म्हणून विकण्यात आला. दुकानाचे नाव मी देत नाही. यंत्र बनवणाऱ्या कंपनीचेही देत नाही, कारण तिचा यात काही दोष नव्हता. फसवणूक कशी झाली हे मात्र तपशीलवार सांगतो, कारण तिची एक ठरलेली रीत आहे आणि आमच्या परिचयातील आणखी एका घरी ती तशीच्या तशी वापरली गेल्याचे नंतर कळले.

आमचे घर देवगड तालुक्यातील एका खाडीकाठच्या गावात आहे. थोडी आंब्याची कलमे आहेत आणि हंगामात पेट्या मुंबई-पुण्यातील ओळखीच्या घरी थेट जातात. कोकणच्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यानंतर पेटीवर बागेचे नाव, गाव आणि फळांची संख्या छापलेली चिठ्ठी लावण्याचा आमचा परिपाठ झाला. शिवाय नातवंडांचे शाळेचे प्रकल्प आणि सातबारा होताच. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 15 रुपये भरून घरबसल्या मिळतो हे खरे, पण तो कागदावर उतरवायचा तर एसटीने बाजार गाठावा लागे. म्हणून घरीच प्रिंटर घ्यावा असे ठरले.

निवड करताना आम्ही घाई केली नव्हती. बाजारात चार-पाच हजारांना मिळणारा कार्ट्रिजचा, म्हणजे शाईची डबी बदलायचा प्रिंटर दिसायला स्वस्त असतो; पण त्याच्या लहान काळ्या कार्ट्रिजमध्ये शे-दोनशे पानांपुरतीच शाई असते आणि काही कार्ट्रिजांतच यंत्राची किंमत पुन्हा मोजून होते. टाकीचा प्रिंटर दहा-पंधरा हजारांच्या घरात जातो, मात्र त्याची बाटली पुरते. उदाहरणार्थ, एपसनच्या 003 क्रमांकाच्या 65 मिलिलिटरच्या काळ्या बाटलीवर कंपनी सुमारे 4,500 पाने सांगते. ही पानांची संख्या ठरावीक नमुना-पानांवर मोजलेली असते. गडद चित्रे काढली तर ती झपाट्याने खाली येते हे ध्यानात ठेवलेले बरे. केवळ काळी अक्षरे हवी असतील तर लेझर प्रिंटरला तोड नाही. त्याचा टोनर ही पूड असल्यामुळे महिनोन्‌महिने न वापरताही वाळत नाही आणि छापलेल्या अक्षरावर पाणी पडले तरी ते फुटत नाही. अडचण विजेची. पूड कागदावर वितळवण्यासाठी आतला रोलर तापवावा लागतो, त्यासाठी यंत्र एकदम मोठा भार ओढते आणि घरगुती इन्व्हर्टरला तो झेपत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे वीज किती वेळा जाते हे कोकणात राहणाऱ्याला सांगायला नको. नातवंडांना रंगही हवे होते. सर्व बाजूंनी विचार करून आम्ही टाकीचाच प्रिंटर घ्यायचे ठरवले, आणि त्यातही काळी शाई पिगमेंटची असलेला नमुना निवडला. पिगमेंट म्हणजे रंगाचे सूक्ष्म कण असलेली शाई. ती वाळली की पाण्याने सहसा पसरत नाही. डाय म्हणजे विरघळलेला रंग, तो ओल लागताच पसरतो. पेटीवरच्या चिठ्ठीला हा फरक महत्त्वाचा होता.

दुकानदाराने सांगितलेली किंमत इतर ठिकाणांपेक्षा दोनेक हजारांनी कमी होती. हंगाम संपत आला आहे, एकच नग उरला आहे, रोख दिलेत तर एवढ्यात बसवतो, असे त्याचे म्हणणे. खोके मूळचेच होते. आम्ही चहा घेईपर्यंत त्याने यंत्र आतल्या खोलीत नेले आणि जाताना म्हणाला, "गुरुजी, तुमका कित्याक त्रास? शाई भरून, टेस्ट काढूनच दितंय." थोड्या वेळाने चारही टाक्या काठोकाठ भरलेले यंत्र बाहेर आले. एक रंगीत पान त्याने समोर काढून दाखवले. पान उत्तम होते.

या सौजन्यात काय दडले होते ते समजण्यासाठी नवे यंत्र कसे येते हे माहीत असावे लागते. कारखान्यातून आलेल्या प्रिंटरच्या टाक्या रिकाम्या असतात. आतले हलणारे भाग ठिकठिकाणी रंगीत चिकटपट्ट्यांनी बांधलेले असतात आणि शाईच्या सीलबंद बाटल्या खोक्यात वेगळ्या ठेवलेल्या असतात. पहिल्यांदा शाई भरल्यावर यंत्र ती नळ्यांतून ओढून हेडपर्यंत, म्हणजे कागदावर शाई सोडणाऱ्या भागापर्यंत नेते. या कामाला काही मिनिटे लागतात आणि त्यात टाक्यांची पातळी उघडपणे खाली जाते. त्यामुळे पहिल्या संचावर नंतरच्या बाटल्यांपेक्षा कमी पाने निघतात, असे कंपन्याही सांगतात. म्हणजेच पाने काढण्यास तयार असलेल्या नव्या प्रिंटरची टाकी काठोकाठ भरलेली दिसणे शक्य नाही. त्यात मागाहून वरून शाई ओतलेली असली पाहिजे. आतल्या खोलीत भरणी झाली की रिकाम्या टाक्या, चिकटपट्ट्या आणि बाटल्यांची सीले या तिन्ही खुणा गिऱ्हाइकाच्या नजरेआड होतात. मूळ बाटल्या असल्याच तर त्या वेगळ्या विकता येतात आणि यंत्रात लिटरवर मिळणारी स्वस्त शाई जाते.

पहिला संशय सूनबाईला आला. पेटीवर लावायच्या चिठ्ठ्या टेबलावर पसरल्या होत्या आणि तिच्या ओल्या बोटाचा स्पर्श एका चिठ्ठीला झाला. "देवगड" या शब्दातील "ग" निळसर-जांभळा होऊन कागदावर ओघळला. वाळलेल्या पिगमेंट शाईचे असे होत नाही. तिने मुद्दाम दुसऱ्या, आदल्या दिवशी छापलेल्या चिठ्ठीवर बोट फिरवले. तेथेही तोच ओघळ. दुकानदाराला विचारले तेव्हा त्याने हवेतल्या दमटपणाला दोष दिला. कोकणात हा दोष कशालाही लावता येतो आणि तो निम्मा खराही असतो. पावसाळ्यात उघडा ठेवलेला कागद ओल धरतो, त्याच्या कडा वळतात, दोन-दोन पाने एकदम ओढली जातात. म्हणून रीम घट्ट बांधून, लागतील तेवढीच पाने ट्रेमध्ये घालावीत. पण दमट हवेने शाईची जात बदलत नाही.

पुढे श्रावणाच्या सुमारास यंत्राने काम थांबवले. दोन दिवे आळीपाळीने लुकलुकू लागले आणि संगणकावर सूचना आली की आतल्या शाई शोषणाऱ्या पॅडची क्षमता संपली आहे. हा प्रकार थोडा समजावून सांगतो, कारण सगळी गोम यातच आहे. हेडची छिद्रे तुंबू नयेत म्हणून यंत्र वेळोवेळी स्वतःची सफाई करते आणि त्या वेळी हेडमधून थोडी शाई बाहेर टाकते. ती शाई तळाशी ठेवलेल्या जाड नमद्यासारख्या पॅडमध्ये मुरते. किती शाई टाकली याचा हिशेब यंत्र ठेवते आणि मर्यादा भरली की पॅड बदलेपर्यंत छपाई बंद करते. घरगुती वापरात ही मर्यादा गाठायला सहसा काही वर्षे लागतात. आमचे यंत्र पहिल्याच पावसाळ्यात तेथे पोहोचले.

दुकानातून एक मुलगा लॅपटॉप घेऊन आला. त्याने यंत्राला वायर जोडली, कुठलीशी प्रणाली चालवली, दिवे विझले, छपाई सुरू झाली. "आता कायएक होवचा नाय," असे सांगून त्याने त्याचे पैसेही घेतले. त्याने केले ते इतकेच, की हिशेबाचा आकडा शून्यावर आणला. भरून गेलेला पॅड जसाच्या तसा आत राहिला. त्याचा परिणाम गणपतीच्या तोंडावर दिसला. आरत्यांची पाने काढण्यासाठी यंत्र थोडे पुढे ओढले, तर त्याच्या तळाखालून काळपट द्रव टेबलाच्या फळीवरून वाहत होता. सागवानी टेबलाच्या सांध्यात तो शिरला होता आणि खालच्या खणात ठेवलेल्या फेरफाराच्या उताऱ्यांच्या कडांपर्यंत पोहोचला होता. साबण, लिंबू, रॉकेल, सर्व करून पाहिले. डाग आहेत तसे आहेत.

त्यानंतर यंत्र दुकानात न नेता कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात नेले. तेथील तंत्रज्ञाने मागच्या बाजूचा अनुक्रमांक पाहिला आणि त्या क्रमांकाची वॉरंटी दोन वर्षांपूर्वीच संपल्याचे सांगितले. मग त्याने यंत्राचे स्थितिदर्शक पान काढले. पॅडचा आकडा शून्य केला तरी एकूण छापलेल्या पानांचा आकडा सहसा तसाच राहतो. आमच्या पानावर तो 41 हजारांच्या वर होता. एवढी पाने घरात निघत नाहीत, ती एखाद्या झेरॉक्सच्या किंवा ई-सेवा केंद्राच्या दुकानात निघतात. खोक्यावरचा अनुक्रमांक आणि यंत्रावरचा अनुक्रमांक जुळत नाहीत, हेही त्यानेच दाखवले.

येथे बिलाचा प्रश्न येतो. दुकानदाराने "पक्के बिल जीएसटी भरल्यावर पाठवतो" असे सांगून छापील एस्टिमेटच्या कागदावर रक्कम लिहून दिली होती. त्या कागदावर अनुक्रमांक नव्हता, आणि तो नसणे हाच त्या कागदाचा उपयोग होता. हे यंत्र आमच्याकडचे नव्हेच, असे पहिल्या दिवशी त्याने सांगून पाहिले. सुदैवाने दुकानातून आलेल्या त्या मुलाने आकडा शून्य केल्याचे पैसे यूपीआयने घेतले होते आणि दुरुस्तीच्या चिठ्ठीवर सवयीने यंत्राचा क्रमांक लिहिला होता. तीच चिठ्ठी पुढे कामास आली.

ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मध्ये जुनी, वापरलेली किंवा दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून दाखवणे ही अनुचित व्यापारी प्रथा म्हटली आहे, आणि विकलेल्या वस्तूचे बिल न देणे हीसुद्धा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर आम्ही तक्रार नोंदवली आणि त्याच वेळी दुकानदाराला रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. नोटिशीत दोष, अनुक्रमांक, पानांचा आकडा आणि रक्कम यांखेरीज काही लिहिले नाही. संतापाची दोन वाक्ये माझ्या मुलाने खोडायला लावली, ते योग्यच झाले. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्जाला शुल्क लागत नाही आणि वकील देणेही बंधनकारक नाही, हे नोटिशीत नमूद केले होते. बहुधा त्याचाच परिणाम होऊन दुकानदाराने निरोप पाठवला.

पैसे परत घेताना आम्ही एक अट घातली, की पावतीवर यंत्राचा अनुक्रमांक आणि "वापरलेले यंत्र परत घेतले" हे शब्द त्याने स्वतःच्या अक्षरात लिहावेत. तो बराच वेळ कुरकुरला. तसे लिहून घेतले नसते, तर तेच यंत्र पुन्हा टाक्या भरून कुणाच्या तरी घरी गेले असते. तरीही ते गेले नसेल याची खात्री मला देता येत नाही.

नंतरचा प्रिंटर अधिकृत विक्रेत्याकडून, खोके आणि यंत्र यांवरचे क्रमांक ताडून आणि तो क्रमांक बिलावर लिहून घेऊन आणला. या वेळी शाई शोषणारा भाग घरच्या घरी बदलता येतो असा नमुना घेतला. काही नव्या नमुन्यांत हा भाग छोट्या डबीच्या रूपात मिळतो, आणि सेवा केंद्र लांब असलेल्या आमच्यासारख्यांनी पानामागच्या दोन पैशांच्या फरकापेक्षा ही सोय आधी पाहावी असे माझे मत आहे. वॉरंटीचे कलमही वाचून घ्यावे. ती पुष्कळदा एक वर्ष किंवा ठरावीक पाने, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंतच असते. वापरात दोन गोष्टी आम्ही पाळतो. आठवड्याला एक तरी रंगीत पान काढतो, आणि यंत्र भिंतीवरच्या बटणाने बंद न करता त्याच्याच बटणाने बंद करतो, म्हणजे हेड जागेवर जाऊन त्यावर झाकण बसते. छपाई चालू असताना वीज गेली तर ती आल्यावर यंत्र एकदा चालू करून पुन्हा रीतसर बंद करावे लागते, नाहीतर उघड्या हेडवर शाई वाळते.

दुकानदाराने यंत्राची पूर्ण रक्कम दिली; आकडा शून्य करण्याचे पैसे आणि टेबलाची व कागदपत्रांची भरपाई त्याने नाकारली. त्यासाठी आयोगाकडे जाण्याची मुदत दोन वर्षांची आहे आणि जावे की नाही यावर घरात अजून एकमत झालेले नाही. डागाळलेल्या फेरफारांच्या नव्या प्रती तलाठी कार्यालयातून काढून घेतल्या आहेत आणि त्यांचा खर्च त्याच फाइलमध्ये लावून ठेवला आहे.