लिव्हरपूलहून मिळणारी मुंबईची समुद्रपातळी: आकडे खणखणीत, एक्सेलमध्ये मात्र जपून

अपोलो बंदरच्या भरतीमापकाची नोंद 1878 पासूनची आहे. हिंदी महासागराच्या काठी इतकी जुनी नोंद क्वचितच सापडते, आणि ती लिव्हरपूलच्या 'पीएसएमएसएल'कडून फुकट मिळते. जगभरच्या भरतीमापकांच्या मासिक सरासऱ्या 1933 पासून गोळा करणारी ही संस्था. मुंबईचे आकडे भारतीय सर्वेक्षण विभागामार्फत तिथे जातात.

फाइल उतरवताना 'आरएलआर' मालिकाच घ्या, म्हणजे सगळे आकडे एकाच संदर्भपातळीला जुळवलेली. 'मेट्रिक' मालिकेत मापकाचा शून्यबिंदू मध्येच बदललेला असू शकतो; तिच्यावरून कल काढलात तर समुद्र चढला की मापपट्टी सरकली, हे कळणार नाही. आरएलआरमध्ये आकडे 7000 मिलिमीटरच्या आसपास दिसतात. दचकू नका, उणे आकडे टाळण्यासाठी संदर्भपातळी मुद्दाम सुमारे 7 मीटर खाली धरली आहे.

मांडणी जुन्या वळणाची: अर्धविरामाने तोडलेले चार रकाने. दशांशात वर्ष (जानेवारी म्हणजे .0417), पातळी, गहाळ दिवस, शेवटी खूण. खरा घोळ होतो तो गहाळ महिन्यांत. तिथे -99999 लिहिलेलं असतं आणि एक्सेल ते निमूटपणे बेरजेत घेतं. अकरा महिने 7000 आणि एक महिना गहाळ, की वर्षाची सरासरी उणे 1917! -99999 असलेली घरं आधी रिकामी करा. मुंबईच्या मालिकेत खंड बरेच आहेत.

पातळी मोसमी वारे आणि प्रवाहांबरोबर हलते, म्हणून जूनची तुलना जूनशीच. पूर्ण मालिकेचा कल वर्षाला 1 मिलिमीटरहून थोडा कमी येतो. त्यावरून 'मुंबईला धोका नाही' म्हणणं घाईचं: लांब सरासरीत अलीकडची वाढ दबते, शिवाय मापक जमिनीवरच उभा असल्याने जमीन खचली वा उचलली तर तेही त्यात मिसळतं.

पावसाळ्यात दादरच्या हिंदमाताला पाणी का तुंबलं, याचं उत्तर इथे शोधू नका. मासिक सरासरीत उधाण विरून जातं. त्यासाठी भरतीचं वेळापत्रक हवं, आणि त्याचा शून्य वेगळा: मुंबईची सरासरी पातळी त्या शून्याच्या सुमारे 2.5 मीटर वर. म्हणजे 4.5 मीटरची भरती ही सरासरीपेक्षा 2 मीटरच उंच. आरएलआरच्या आकड्यात थेट 4500 मिळवू नका.