बॅटरीवरचं सक्शन मशीन, नऊ महिन्यांनंतर: मोटर चांगली, काटा चुकीचा

ॲम्ब्युलन्स करूळ घाट अर्धा चढून गेलेली. मशीन चालू, मोटरचा आवाज नेहमीचा, दाबाचा काटा वर चढलेला आणि कॅथेटरच्या (कफ ओढायच्या बारीक नळीच्या) टोकाला ओढ शून्य. पेशंटच्या श्वासनलिकेतल्या ट्यूबमध्ये घुरघुर, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ९१ टक्के. पायाने दाबायचा जुना फूट सक्शन पंप गाडीत होता म्हणून निभावलं. हा रिव्ह्यू त्यामुळे लिहितोय. पण आधी सांगतो, त्या दिवशी ज्याला शिव्या घातल्या तो भाग निर्दोष निघाला.

स्पेसिफिकेशन सगळ्यांना ठाऊक आहेत: एक लिटरचा जार, मिनिटाला २० लिटर फ्लो, आत बॅटरी, गाडीच्या १२ व्होल्ट सॉकेटवरही चालतं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण या वर्गातली बहुतेक मशीन्स आतून सारखीच असतात. आमचा वापर एकाच कामाचा. डोक्याला मार लागलेला, ट्यूब टाकलेला पेशंट कणकवली-कुडाळ पट्ट्यातून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला किंवा घाटावर कोल्हापूरला पोचवायचा. रस्त्यात दोन ते तीन तास जातात, आणि तेवढ्या वेळात किमान एकदा तरी सक्शन लागतंच.

आता काटा. डायलवर ० ते ०.१ एमपीए (मेगापास्कल) छापलंय. ट्रेनिंगमध्ये सगळे शिकतात ते पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये: मोठ्या माणसाच्या ट्यूबमधून ओढताना ८० ते १२०, फार तर १५०. याचं एमपीए करा: ०.०११ ते ०.०२. म्हणजे कामाची सगळी रेंज डायलच्या पहिल्या पाचव्या हिस्स्यात, आणि त्या हिस्स्यात छापील आकडा एकच, ०.०२. उरलेला चार पंचमांश डायल ट्यूबच्या कामाचा नाही. मशीन ०.०८ पर्यंत, म्हणजे ६०० मिलिमीटरपर्यंत जातं हे विक्रेता अभिमानाने सांगतो. रात्री तीन वाजता हलत्या गाडीत, टॉर्चच्या उजेडात, ०.०११ आणि ०.०३ यांतला फरक कोणाला दिसणार आहे? नॉबही तसाच उतावळा. पाव फेऱ्यात शंभराचा तीनशे होतो.

काहींना हा कीस काढणं वाटेल. डोक्याच्या पेशंटमध्ये तसं नाही. हिशेब साधा आहे: मेंदूला रक्त ढकलणारा दाब म्हणजे मीन (सरासरी) बीपी वजा कवटीतला दाब. मीन ८० आणि आतला दाब २० असेल तर ६० उरतात, आणि तेवढे लागतातच. जोरात, लांबलेलं सक्शन केलं की पेशंट खोकतो, छातीतला दाब वाढतो, डोक्यातून परत येणारं अशुद्ध रक्त अडतं. आतला दाब ३५ वर गेला तर उरतात ४५. त्याच मिनिटाला ऑक्सिजन पडतो, कार्बन डायऑक्साइड चढतो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि दाब आणखी वाढतो. सुजलेल्या मेंदूला कवटीत सरकायला जागा नसते. साध्या न्यूमोनियाच्या पेशंटला ३०० ने ओढलं तर श्वासनलिकेचं अस्तर सोलवटतं आणि थोडं रक्त येतं, तेही वाईटच. इथे मात्र डोळ्याची बाहुली मोठी होऊ शकते, म्हणजे मेंदू दबत असल्याची खूण.

यात भर म्हणजे काटा वाचायची पद्धत. नळीचं तोंड उघडं ठेवून नॉब फिरवला की काटा जेमतेम हलतो, म्हणून माणूस आणखी फिरवतो. मग कॅथेटर ट्यूबमध्ये जातं, कॅथेटरवरचं अंगठ्याने झाकायचं छिद्र बंद होतं आणि दाब एकदम उसळतो. नॉब सेट करायचा तो नळी चिमटीत घट्ट दाबून. तेव्हाच काटा खरं बोलतो. मॅन्युअलच्या इंग्रजी पानांत हे कुठेतरी आहे, मशीनवर नाही. आम्ही नळी दाबून ०.०११ आणि ०.०२ कुठे येतात ते बघितलं आणि काचेवर हिरव्या नेलपॉलिशची कमान काढली. दहा रुपयांत जे झालं ते कारखान्यात का होत नाही, कळत नाही.

न्यायाने हेही सांगायला हवं की मोठा दाब अगदी निरुपयोगी नाही. डोक्याला मार लागलेले उलटी करतात. तोंडात भात, रक्त आणि दाताचा तुकडा असेल तर जाड टोकाची यानकॉवर नळी आणि ३०० च्या वरचीच ओढ लागते. तोंडासाठी जोर हवा, ट्यूबसाठी हलका हात. म्हणून नॉबला दोन ठोकळ खाचा दिल्या असत्या तर पुरलं असतं.

बॅटरीबद्दलचं मत बदललंय. पहिले चार महिने ओढ मधूनच जायची आणि आम्ही सरळ बॅटरीला दोष दिला. कंपनी तासाभराचा दावा करते, सलग चालवून पाहिलं तर चाळीसेक मिनिटं मिळाली. नवी बॅटरी २,२०० रुपये मोजून टाकली, आणि आठवड्यात तेच. करूळच्या त्या फेरीनंतर शांतपणे उघडून पाहिलं तेव्हा दोषी सापडला: जार आणि पंप यांच्यामधला चपटा पांढरा फिल्टर. आतला कागद पाण्याला अडवणारा असतो. फेस किंवा रक्त पोचलं की तो ओला होऊन हवाही अडवतो. त्याचं कामच ते, पंप वाचवणं. पण काटा फिल्टरच्या पलीकडे, पंपाच्या बाजूला बसवलेला. त्यामुळे काटा छान वर दिसतो आणि पेशंटकडे काही पोचत नाही. पुन्हा काटाच.

ओळखायची पद्धत अशी. नळी मोकळी असताना काटा चढलेला राहिला तर कुठेतरी तुंबलंय: फिल्टर, जारचं झाकण किंवा नळीतली गुठळी. नळी दाबूनही काटा चढत नसेल तर गळती: झाकणाचं रबर, जारला तडा, सैल जोड. मोटरचा सूर जड होऊन खाली उतरला तरच बॅटरी. हे तीन प्रश्न विचारायला अर्धं मिनिट लागतं. न विचारल्याचे आमचे २,२०० गेले.

फिल्टर धुऊन उन्हात वाळवू नका. कोकणातल्या पावसाळ्यात तो वाळतही नाही, आणि वाळल्यासारखा दिसला तरी भरवशाचा राहत नाही. बाण जारकडून पंपाकडे, किंवा ‘इन’ लिहिलेली बाजू जारकडे. पाच-दहा एकदम आणून जारच्या पिशवीत चिकटवून ठेवा. आणि फिल्टर संपला म्हणून नळी थेट पंपाला जोडायची नाही, कधीच नाही. आमच्याकडे एकाने ते केलं. पंपात पाणी गेलं, वॉरंटी गेली. सर्व्हिसवाल्यांशी तीन आठवडे वाद चालला. त्यांचं म्हणणं, ‘लिक्विड डॅमेज’ वापरणाऱ्याची चूक. आमचं म्हणणं, सुटा फिल्टर तुम्ही सहा आठवडे पाठवला नाही. दोघांचंही खरं होतं, कुरिअरचा खर्च मात्र आमचा एकट्याचा.

जारमधला तरंगता बॉल हा दुसरा छळ. जार भरला की बॉल वर जाऊन ओढ बंद करतो, हे योग्य. पण घाटाच्या वळणांवर जार निम्मा भरलेला असला तरी पाणी हिंदकळतं, बॉल वर चिकटतो आणि आतल्या निर्वातामुळे खाली पडतच नाही. मोटर बंद करून झाकण किंचित उचकटलं की सुटतो. म्हणून गाडी निघण्याआधी जार रिकामा, तळाला दोन बोटं पाणी, बस. रस्त्यात एक तृतीयांशाच्या वर गेला तर ओतून टाका.

आता मूळ काम. सक्शन घड्याळ बघून करायचं नाही. घुरघुर, व्हेंटिलेटरचा वाढलेला प्रेशर, पडणारं सॅच्युरेशन किंवा ट्यूबमध्ये दिसणारा कफ, यातलं काही असेल तरच. अशी गरज दिसत असेल तर एक सक्शन हॉस्पिटलमध्येच, निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटं करा, म्हणजे रस्त्यातलं टळतं. रस्त्यात करावंच लागलं तर गाडी बाजूला घ्या. वळणावर हात हलला की कॅथेटर खोल टोचतं. गुंगीचं औषध पुरेसं चालू आहे याची डॉक्टरांकडून खात्री, मग मिनिटभर १०० टक्के ऑक्सिजन. कॅथेटर ट्यूबच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून जाड नको: ट्यूबचा नंबर गुणिले तीन भागिले दोन, म्हणजे ८ नंबरला १२ फ्रेंच (कॅथेटरच्या जाडीचं माप), ७ ला १०. आत जाताना अंगठा उघडा, बाहेर येताना झाकलेला, सगळं मिळून दहा सेकंद. एका वेळी दोनच फेऱ्या, मधे सॅच्युरेशन पूर्ववत होईपर्यंत थांबायचं. सवयीने ट्यूबमध्ये सलाईनचे थेंब टाकू नका. नंतर घाबरून अंबू बॅग (हाताने श्वास द्यायची पिशवी) भराभर दाबायची हीसुद्धा एक चूकच. कार्बन डायऑक्साइड फार उतरला तर मेंदूच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्त कमी पडतं. एंड टायडल (सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड) ३५ ते ४० मध्ये ठेवा.

सक्शन चालू असताना हृदयाचे ठोके कमी झाले तर हात काढा. थांबल्यावर ते परत आले तर बहुधा व्हेगस नसेचा प्रताप. परत आले नाहीत, बीपी चढतंय, एक बाहुली मोठी दिसतेय, तर ते मेंदूचं. पुढच्या हॉस्पिटलला तिथूनच फोन. ट्यूब बांधायची दोरी आणि मानेची कॉलर फार आवळलेली नाही ना, हेही तेव्हाच पाहा. डोकं ३० अंश वर, मान सरळ. कानातून-नाकातून पाणी येतंय, डोळ्यांभोवती काळंनिळं झालंय, तर नाकातून काहीही घालायचं नाही, ना सक्शन ना राइल्स ट्यूब (पोटात जाणारी नळी). कवटीचा तळ फुटलेला असेल तर नळी कुठे जाईल याचा नेम नाही. जे घालायचं ते तोंडातून.

बाकी झटपट. वजन ठीक. हिरवा दिवा चार्जिंग ‘चालू’ असल्याचा आहे, ‘पूर्ण’ झाल्याचा नाही. सॉकेटची पिन खड्ड्यात निसटते, टेप लावा. मशीन स्ट्रेचरवर पेशंटच्या पायांमध्ये ठेवू नका, ब्रेक लागला की पुढे येतं. दोन सक्शनच्या मधे मोटर बंद ठेवली तर चाळीस मिनिटांची बॅटरी गोव्याला जाऊन येऊन पुरते, म्हणून आता ती तक्रार मागे घेतो.

१४,००० मध्ये पुन्हा घेऊ का? घेऊ, फूट पंप शेजारी ठेवून. काचेवरची हिरवी कमान स्पिरिटच्या बोळ्याने पुसली जाते, दर महिन्याला नव्याने काढावी लागते. आतून लावायची तर चार स्क्रू काढावे लागतात, आणि त्यातल्या एकावर वॉरंटीचं सील आहे.