गाडीत हवेची सोय: प्लगचा कॉम्प्रेसर, चार्जिंगचा, पायपंप की टाकी?

भाचीने मागच्या महिन्यात सीएनजी गाडी घेतली. डिक्कीत सिलिंडर, आणि स्टेपनीच्या जागी पंक्चर किट. २०२० पासून नियमात तशी मुभा आहे: टायर ट्यूबलेस असतील, दाब दाखवणारी यंत्रणा असेल आणि दुरुस्तीचं किट असेल, तर छोट्या प्रवासी गाडीला स्टेपनी नसली तरी चालते. तिने विचारलं, "मामा, हवा भरायचं मशीन घेऊन ठेवू का? कुठलं घेऊ?" तिचं रोजचं जाणं वारजे ते हिंजवडी, आणि महिन्यातून दोनदा ताम्हिणी उतरून माणगावला सासरी. तिला जे सांगितलं तेच इथे मांडतो, कारण हा प्रश्न आता पुष्कळांना पडतोय.

आधी गरज नेमकी कसली आहे ते पाहू. पुण्यात हवेचा दुष्काळ नाही. पेट्रोल पंपावर ती मोफत मिळते, पंक्चरवालाही फार लांब नसतो. अडचण रात्री अकराला येते, पावसात येते, पौड सोडून मुळशीकडे लागलं की येते. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला तर बहुतेक वेळा हवा एकदम जात नाही, हळूहळू उतरते. अशा वेळी टायरमध्ये पुरेशी हवा भरून दुकानापर्यंत पोचायचं, एवढंच काम या मशीनचं. टायर बाजूने फाटला असेल तर कुठलंही मशीन उपयोगाचं नाही.

आता थोडा हिशोब, कारण निवड त्यावरच ठरते. लहान हॅचबॅकच्या टायरच्या पोटात साधारण २५ ते २८ लिटर जागा असते. २० पीएसआयवर (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक) आलेला टायर ३२ ला न्यायचा तर बाहेरची सुमारे २३ लिटर हवा आत कोंबावी लागते. पूर्ण बसलेल्या टायरला साठेक लिटर.

हे आकडे हाताशी ठेवून टाकीकडे बघा. गाडीत हवेची टाकी ठेवावी ही कल्पना अनेकांना आवडते: ना वायर, ना चार्जिंग, नळी लावली की फुस्सकन हवा आत. २० लिटरची टाकी ८ बारला (बार हेही दाबाचंच एकक) भरली, तर टायरच्या २.२ बारपर्यंत, म्हणजे ३२ पीएसआयपर्यंत, उतरताना ती ११५ लिटरच्या आसपास हवा देते. म्हणजे एक टायर शून्यापासून आणि दोन टायरांना थोडी थोडी. मग संपली. पुन्हा भरायला कॉम्प्रेसर लागणारच! शिवाय आत पाणी साचतं, ते काढलं नाही तर पत्रा आतून गंजतो. गंजलेली, दाबाखालची टाकी एप्रिलच्या उन्हात डिक्कीत ठेवून मुलांना मागे बसवायचं, हे मला मान्य नाही. जीप घेऊन डोंगरात फिरणारे, टायरची हवा मुद्दाम कमी करून पुन्हा भरणारे लोक पक्क्या बसवलेल्या टाक्या वापरतात, त्यांचं गणित वेगळं. ट्रक-बसला एअर ब्रेकसाठी इंजिनावर कॉम्प्रेसर आणि टाक्या असतातच, नळी जवळ असली तर ड्रायव्हर त्यातूनच टायर भरतात. घाटात अडकलात तर ट्रकवाल्याला विचारायला लाजू नका.

पायपंपाबद्दल माझं मत लोकांपेक्षा बरं आहे. पाचशे ते हजारात येतो, वीज लागत नाही, दहा वर्षं पडून राहिला तरी चालतो. वरचे ते २३ लिटर भरायला शंभरेक दाब मारावे लागतात. घाम येतो, पण जमतं. बसलेल्या टायरला मात्र अडीचशे-तीनशे, तेही भर पावसात. गुडघे दुखणाऱ्या माणसाच्या गाडीत तो ठेवू नका.

खरी निवड उरते ती प्लगचा, म्हणजे गाडीच्या सॉकेटवर चालणारा, आणि चार्जिंगचा, म्हणजे स्वतःची बॅटरी असलेला, या दोघांत.

चार्जिंगचा दिसायला छान. पाण्याच्या बाटलीएवढा, दाबाचा आकडा लावून ठेवला की तिथे आपोआप थांबतो, किंमत दोन ते चार हजार. मी पहिला हाच घेतला होता. चार महिने डिक्कीत पडून होता. ताम्हिणीच्या उतारावर मागचा डावा टायर बसत चाललाय हे लक्षात आलं तेव्हा बाहेर काढला, तर बॅटरी संपलेली. मोबाइलचा चार्जर लावून अर्धा तास धुक्यात उभे होतो, आई मागच्या सीटवर. तो अर्धा तास मी अजून विसरलेलो नाही. लिथियम बॅटरी पडून राहिली तरी हळूहळू उतरते, आणि उष्णता तिला सोसत नाही. उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ६० अंशांपुढे तापमान जातं, तिथे ती ठेवणं म्हणजे तिचं आयुष्य घटवणं. दर महिन्याच्या एक तारखेला न चुकता चार्ज करणारी व्यक्ती घरात असेल तरच हा घ्या.

दुचाकीवाल्यांना मात्र मी हाच सांगेन. स्कूटरला मोबाइलपुरता सॉकेट असतो, त्यावर कॉम्प्रेसर चालत नाही. चार्जिंगचा पंप सीटखाली मावतो, आणि स्कूटरचा टायर छोटा, त्यामुळे बॅटरी पुरते. सायकलवाले वापरतात त्या कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या कुप्याही काहीजण सुचवतात. १६ ग्रॅमच्या कुपीतून जेमतेम ९ लिटर वायू निघतो. सायकलला भरपूर, स्कूटरला कसाबसा, कारला काहीच नाही. तो वायू रबरातून झिरपतोही लवकर, म्हणून नंतर साधी हवा भरून घ्यावी लागते.

भाचीला मी प्लगचा सांगितला. १२ व्होल्टच्या सॉकेटात खोचायचा, इंजिन चालू ठेवायचं. गाडीची बॅटरी आहे तोवर हा आहे, वेगळं लक्ष ठेवायला नको. दीड ते तीन हजारात चांगला मिळतो. साधा एका पिस्टनचासुद्धा २० चे ३२ करायला दोन-तीन मिनिटंच घेतो. आवाज मोठा, रात्री सोसायटीत लावला तर खिडक्या उघडतील, पण ते सहन करू.

घेताना मी ज्या गोष्टी बघतो त्या अशा. वॅट बघा: सॉकेटचा फ्यूज बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा असतो, त्यामुळे १२० वॅटच्या आसपासचं मशीन सुरक्षित. मोठे दोन पिस्टनवाले थेट बॅटरीला चिमटे लावून चालवायचे असतात. सलग किती मिनिटं चालवायचा तेही खोक्यावर लिहिलेलं असतं, ते पाळा, नाहीतर मोटर जळते. नळीचं तोंड आट्याचं असेल तर काढताना थोडी हवा निसटते आणि पितळ हाताला चटका देतं, म्हणून सोबत जुने हातमोजे ठेवा. मशीनवरच्या काट्यावर डोळे झाकून विश्वास नको. पहिल्या दिवशी ओळखीच्या पंक्चरवाल्याच्या गेजशी जुळवून पाहा, दोन पीएसआयचा फरक निघाला तर तो मशीनवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा.

किटमधल्या, किंवा दुकानात सुट्या मिळणाऱ्या, पंक्चर बुजवणाऱ्या फेसाच्या डब्याबद्दल एकच. दाबाखालच्या डब्यावर ५० अंशांपेक्षा जास्त तापमानात ठेवू नये असं लिहिलेलं असतं. पुण्यात मे महिन्यात उन्हात उभी केलेली गाडी ती मर्यादा सहज ओलांडते. भाचीच्या किटमध्ये चिकट द्रावाची साधी बाटली आहे, ती असू दे. पण बारीक खिळ्यासाठी ती वापरायची घाई नको. आधी हवा भरून दुकान गाठ, द्राव शेवटचा उपाय, कारण तो घातलेला टायर साफ करताना पंक्चरवाला वैतागतो.

हवा थंड टायरमध्येच मोजायची. एक्स्प्रेस वेवरून उतरल्यावर आकडा तीन-चार पीएसआय जास्त दिसतो, तेव्हा हवा काढू नका. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं. आणि एक्स्प्रेस वेवर कडेला थांबून हवा भरत बसणं नकोच. टायर पूर्ण बसलेला नसेल तर दिवे लावून सावकाश पुढच्या पंपापर्यंत किंवा फूडमॉलपर्यंत जायचं.

भाचीने प्लगचा आणला आणि रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये चारही चाकांना लावून पाहिला. मागच्या उजव्या चाकाला वायर हातभर कमी पडली. तिने तो परत करून साडेतीन मीटर वायरचा घेतला, आणि या वेळी दुकानासमोरच, गाडीला लावून.